बरगडीच्या हाडातून वाजती जोडी : रिदम बोन्स घडवताना

नादवेडा (धागाकर्ता) :

रिदम बोन्स म्हणजे हाडाच्या दोन किंचित वाकड्या पट्ट्या. त्यांना तार नाही, कातडे नाही, खुंटी नाही. एका हाताच्या बोटांत दोन्ही पट्ट्या अडकवायच्या, त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींसमोर आणायच्या आणि मनगट झटकायचे, की सैल पट्टी स्थिर पट्टीवर आपटून एकाच झटक्यात लागोपाठ ठोके उमटतात. आयर्लंडच्या लोकसंगीतात बौरान या चर्मवाद्याच्या जोडीने हे वाद्य ऐकू येते आणि तिथे बहुतेक वादक एकाच हातात एक जोडी धरतात. अमेरिकेत दोन्ही हातांत एकेक जोडी घेऊन वाजवणारे अधिक दिसतात.

गेली काही वर्षे मी अशा जोड्या नैसर्गिक बरगडीपासून हाताने घडवत आहे. सुरुवातीला माझा समज असा होता की सगळे कसब कानशीत आणि घासण्यात आहे. आता माझे मत पूर्ण बदलले आहे. आवाजाचा निकाल कानस हातात घेण्याच्या कितीतरी आधी, हाड स्वच्छ करतानाच लागून गेलेला असतो. आकार चुकला तर तो पुढे सुधारता येतो, पण उकळून निर्जीव झालेले हाड पुन्हा बोलते करण्याचा उपाय मला तरी सापडलेला नाही. म्हणून हा धागा मुख्यतः त्या पहिल्या टप्प्याविषयी आहे.

निवडीपासून सुरुवात करतो. मोठ्या गुराची बरगडी सर्वांत सोयीची, कारण तिच्यातून सुमारे १५ ते १८ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद असा सलग तुकडा निघतो. मेंढीच्या किंवा शेळीच्या बरगडीचीही जोडी होते, पण ती अरुंद आणि हलकी असल्यामुळे आवाज बारीक येतो आणि बोटांत नीट बसत नाही. बरगडी मणक्याकडे गोलसर आणि जाड असते, पुढे सरकावे तशी ती चपटी व रुंद होत जाते. आपल्याला हवा तो हा चपटा मधला भाग. हाड घेताना बाक किती आहे यापेक्षा पीळ किती आहे ते आधी पाहावे. बरगडी नुसती वाकलेली नसते, ती स्वतःभोवती थोडी वळलेलीही असते. दोन तुकडे फुगीर बाजूंनी एकमेकांना टेकवून उजेडासमोर धरावेत. मधून येणारी उजेडाची फट एका कडेला रुंद आणि दुसऱ्या कडेला बंद दिसली, तर ती जोडी वाजताना कडेवर आपटणार आणि नाद कोरडा येणार. एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या दोन बरगड्या घेतल्या, तर जाडी आणि बाक यांचा मेळ बहुधा चांगला बसतो.

आता स्वच्छतेकडे वळतो. हाडाच्या घट्टपणामागे दोन गोष्टी असतात : कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज, आणि त्या खनिजाला धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन. खनिजामुळे हाड कठीण होते, कोलॅजनमुळे ते चिवट राहते. पाण्यात फार वेळ गदगदून उकळले की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते. मागे उरते ते खडूसारखे ठिसूळ हाड, जे आपटल्यावर टणत्कार न देता नुसते थपथपते. म्हणून मी मांस आणि स्नायुबंध सुरीने शक्य तितके कच्चेच खरवडून काढतो, मग हाड पाण्यात ठेवून आच इतकी मंद राखतो की तळातून क्वचित एखादा बुडबुडा यावा, आणि हाडावरचे पातळ आवरण सैल होऊन सोलता येऊ लागले की लगेच आच बंद करतो. भाजलेल्या किंवा पूर्वी शिजवलेल्या बरगड्या मी वापरत नाही.

त्यानंतर येते चरबी. बरगडीच्या आतला जाळीदार भाग मज्जेने आणि मेदाने भरलेला असतो, आणि तो साध्या धुण्याने निघत नाही. दोन्ही टोके कापून आतली जाळी उघडी करावी, बारीक तारेने ती हलकेच कोरावी, आणि हाड भांड्यांच्या लिक्विड सोपच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावे. पाणी गढूळ झाले की बदलावे. हे काम काही दिवसांत संपेल असे धरून चालू नये. माझ्याकडे काही तुकड्यांना पाच-सहा आठवडे लागले आहेत. हाड सुकल्यावर एखादा भाग पिवळसर आणि किंचित पारदर्शक दिसला, तर तिथे मेद शिल्लक आहे असे समजावे.

शेवटी वाळवणे. ते सावलीत, हवेशीर जागी आणि सावकाश व्हावे. उन्हात ठेवलेल्या माझ्या एका चांगल्या तुकड्याला एका दुपारीत टोकापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती, आणि ती मला घासायला बसल्यावर दिसली.

कापणे, घासणे आणि जुळवणे यांविषयी प्रतिसादांत लिहितो. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी आपली पद्धत अवश्य सांगावी.

निरभ्र :

लेख मनापासून आवडला. एक शंका आहे. वेळ वाचावा म्हणून हाड कुकरमध्ये दोन शिट्ट्यांपुरते ठेवले तर चालेल का? आणि पांढरे करण्यासाठी ब्लीच वापरलेले मी पाहिले आहे; तुमच्या लेखात त्याचा उल्लेख नाही, तो जाणीवपूर्वक टाळला आहे का?

नादवेडा :

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि साध्या उकळण्यात तासन्‌तास चालणारे कोलॅजनचे विघटन तिथे झपाट्याने होते. मी पहिल्याच वर्षी हा प्रयोग केला होता. बाहेर आलेले हाड दिसायला अतिशय स्वच्छ होते, पण कानशीखाली त्याची पूड साबणाच्या वडीसारखी निघाली आणि जोडी वाजवायला घेतल्यावर तिसऱ्या दिवशी एक टोक तुटून पडले.

ब्लीचचा उल्लेख मी मुद्दामच टाळला नव्हता, पण तो करायला हवा होता. ब्लीचमधले सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय पदार्थावर तुटून पडते, आणि हाडातले कोलॅजन हा सेंद्रियच पदार्थ आहे. हाड धुऊन काढले तरी परिणाम आत चालूच राहतो आणि काही महिन्यांनी पृष्ठभाग भुसभुशीत होतो. पांढरे करायचेच असेल तर औषधाच्या दुकानात मिळते ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे आहे. हाड त्यात बुडवल्यावर बारीक फेस येतो, कारण उरलेल्या ऊतींमधील विकर पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करते. त्यामुळे भांड्याचे झाकण घट्ट लावू नये. आत दाब साठतो. एक दिवस पुरतो. चरबी काढण्याआधी मात्र पेरॉक्साइड वापरू नये, कारण वरचा थर पांढरा होतो आणि आतला मेद काही महिन्यांनी डाग होऊन वर येतो.

सुतारपक्षी :

मी लाकडाच्या जोड्या करतो, हाडाच्या मोजक्याच केल्या आहेत, तरी कापण्या-घासण्याबद्दल थोडे लिहितो.

हाड कापायला बारीक दात्यांचे हॅकसॉ ब्लेड उत्तम. व्हाइसमध्ये (वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या अवजारात) हाड थेट आवळू नये. दोन्ही बाजूंना चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर जबड्याच्या खुणा पडतात आणि त्या खुणांपासूनच पुढे चीर सुरू होते. विजेच्या ग्राइंडरवर हाड धरले की काही क्षणांत केस जळल्यासारखा वास येतो. हा वास म्हणजे प्रथिन जळत असल्याची खूण आहे, आणि धागाकर्त्यांनी उकळण्याबद्दल जे सांगितले तेच नुकसान इथे छोट्या जागेत होत असते. हातकानशीने वेळ जास्त लागतो, पण हाड थंड राहते.

धुळीबद्दल विशेष काळजी घ्यावी. हाडाची पूड फार बारीक असते आणि ती श्वासावाटे आत जाणे फुप्फुसांसाठी घातक आहे. मी एन-९५ मास्क लावतो आणि १२० नंबरच्या पुढचे (नंबर जितका मोठा तितका घासकागद बारीक) सगळे घासकाम पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने करतो, म्हणजे पूड उडतच नाही, तिचा पांढरा राबडा होऊन खाली बसतो. ८०, १२०, २२०, ४००, ६०० असा क्रम मला पुरेसा वाटतो. एका नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला हात लावू नये. हाडावर राहिलेला ८० नंबरचा ओरखडा ६०० नंबरने जात नाही, उलट चकाकीमुळे तो अधिक उठून दिसतो.

ठेका :

वाद्याच्या इतिहासाविषयी थोडी भर घालतो, कारण तो या वस्तूच्या घडणीशी जोडलेला आहे.

आपटून वाजवायच्या पट्ट्या फार जुन्या आहेत. प्राचीन इजिप्तमधल्या पाणघोड्याच्या सुळ्यापासून केलेल्या, टोकाला मानवी हाताचा आकार दिलेल्या टाळवजा पट्ट्या आज अनेक संग्रहालयांत पाहायला मिळतात. आपल्याला परिचित असलेली रिदम बोन्सची जोडी मात्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घराघरांत पोहोचली, आणि त्यामागे मिन्स्ट्रल शो होते. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुढे आलेल्या व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स या चौघांच्या संचात फ्रँक ब्रोअर हा बोन्स वाजवत असे. गोऱ्या कलावंतांनी चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांची टर उडवण्याचा हा प्रकार होता. त्या प्रकाराने हे वाद्य पसरवले आणि त्याच्यावर एक डागही ठेवला. वाद्य हातात घेणाऱ्याला हे माहीत असले पाहिजे असे मला मनापासून वाटते. विल्यम सिडनी माउंट या चित्रकाराने १८५६ मध्ये रंगवलेले बोन्स वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकाचे चित्र बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे, आणि त्यात तो वादक टिंगलीचा विषय नसून एक देखणा, आपल्या कामात रमलेला कलावंत म्हणून समोर येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या पर्सी डॅनफर्थ यांनी कार्यशाळा घेऊन हे वाद्य नव्या पिढीला शिकवले. त्यांचा ओढा लाकडी पट्ट्यांकडे होता, त्यामुळे सुतारपक्षी यांनी संकोच करण्याचे कारण नाही.

जुन्या काळी हस्तिदंताच्याही जोड्या होत असत. आज त्या वाटेला कुणी जाऊ नये. आफ्रिकी हत्तीला साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात १९८९ मध्ये स्थान मिळाले आणि हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

कंपन :

आवाजाच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण धाग्यात जुळवण्याचा विषय अजून आलेला नाही.

दोन्ही टोके मोकळी असलेली पट्टी जेव्हा कंप पावते, तेव्हा तिचा मुख्य स्वर जाडीच्या प्रमाणात चढतो आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणजे १८ सेंटीमीटरची पट्टी कापून १६ सेंटीमीटर केली, तर कंपनसंख्या सुमारे १.२७ पट होते. संवादिनीवर लागोपाठच्या चार पट्ट्या वर चढावे इतका हा फरक आहे. बरगडी सगळीकडे सारख्या जाडीची नसल्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा नक्की तीच राहते. टोके घासून लांबी कमी केली की स्वर चढतो, मधला भाग घासून पातळ केला की उतरतो. हे एकदा मनात बसले की जोडी जुळवताना चाचपडावे लागत नाही.

पारख करण्याची सोपी रीत अशी. पट्टीच्या टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावर एक बिंदू असतो जिथे कंपन जवळजवळ शून्य असते. १८ सेंटीमीटरच्या पट्टीत तो टोकापासून सुमारे ४ सेंटीमीटरवर येतो. तिथे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पट्टी अलगद धरावी आणि मध्यावर दुसऱ्या हाडाने टिचकी द्यावी. निरोगी हाड स्वच्छ वाजते. चीर असेल तर आवाज फुटका येतो, मेद उरला असेल तर तो दबलेला येतो. हाच बिंदू पकडीसाठीही महत्त्वाचा आहे : बोटे त्या जागेच्या जवळ आली की पट्टी मोकळी बोलते, आणि मध्यावर आली की नाद गिळला जातो.

निरभ्र :

कंपन यांच्या रीतीने मी सुकत ठेवलेले माझे चारही तुकडे तपासले. तीन चांगले वाजले, चौथा दबलेला वाटला, आणि उजेडात धरल्यावर त्याच्या एका टोकाला खरोखरच पिवळसर डाग दिसला. तो पुन्हा साबणाच्या पाण्यात टाकला आहे. पकडीबद्दल अजून थोडे कुणी सांगेल का? माझ्या हातातून सैल पट्टी सारखी निसटते.

नादवेडा :

एक पट्टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, दुसरी मधले बोट आणि अनामिका यांच्या मध्ये येते. एक तळव्याला टेकवून स्थिर ठेवायची, दुसरी सैल सोडायची. कोणती स्थिर ठेवायची याबाबत वादकावादकांत फरक आहे आणि तुमच्या हाताला जे जमेल ते धरावे. सैल पट्टी निसटते त्याचे कारण बहुधा असे की ती बोटांच्या टोकांजवळ धरली जाते. ती बोटांच्या बेचक्यात, मुळाकडे न्यावी, वरचे टोक मुठीच्या थोडे वर राहू द्यावे, आणि हात दार ठोठावल्यासारखा न आपटता ओल्या हाताचे पाणी झटकावे तसा मनगटातून फिरवावा. बोटांनी पट्टी हलवण्याचा प्रयत्न करू नये; हालचाल मनगटाची, पट्टी आपोआप मागोमाग येते. एका झटक्यातले तीन ठोके समान अंतराने पडू लागले, की सहा मात्रांच्या जिग या आयरिश नृत्यधुनेवर हात ठेवून पाहावा, कारण त्या लयीत तीनतीनचे गट आधीच असतात.

घडवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जिथे बोटे येतात त्या कडा चांगल्या गोल करायला हव्यात. मी त्या कडा डोळे मिटून अंगठ्याने चाचपतो. डोळ्याला गुळगुळीत दिसणारी कड अंगठ्याला पुष्कळदा टोचते, आणि अर्धा तास वाजवल्यावर तीच कड बोटांच्या बेचक्यात फोड आणते.

सुतारपक्षी :

शेवटच्या लेपाबद्दल माझे मत असे आहे की वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. घामाने हाड काळवंडते, आणि न लेपलेले हाड ओलावा शोषते.

नादवेडा :

इथे मी आपल्याशी नम्रपणे असहमत आहे. वॉर्निशचा थर हाडापेक्षा मऊ असतो, आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात नेमक्या त्याच जागी तो असल्यामुळे ठोक्याची धार बोथट होते. शिवाय तिथला लेप काही आठवड्यांत उडतो आणि पट्टी ठिपक्याठिपक्यांची दिसू लागते. मी ६०० नंबरनंतर मऊ कापडाने नुसती घोटून चकाकी आणतो आणि वर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ, पुसून जाईल इतका थर देतो. उघडी जाळीदार टोके मात्र बंद करायलाच हवीत. त्यासाठी पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (सुपर ग्लू) थेंबाथेंबाने जाळीत मुरवतो. तो मुरताना गरम होतो आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ सोडतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून, चेहरा बाजूला धरून हे काम करावे. वाळल्यावर टोक घासले की ते घट्ट, दगडासारखे लागते.

घामाने येणारा पिवळेपणा मला दोष वाटत नाही. माझी सर्वांत जुनी जोडी बोटांच्या जागी मधाच्या रंगाची झाली आहे आणि तिचा आवाज नव्या जोड्यांपेक्षा उतरलेला नाही.

सुतारपक्षी :

आपटण्याच्या जागेबद्दलचा मुद्दा पटला. लाकडाला लेप लागतो तो त्याच्या रेषांमुळे, ही सवय मी हाडावर तशीच नेत होतो. पुढची हाडाची जोडी मेणावरच करून पाहतो.

ठेका :

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक सूचना. हाड निरोगी, तपासणी झालेल्या जनावराचेच घ्यावे. रानात किंवा रस्त्याकडेला सापडलेले हाड घेऊ नये, कारण मेलेल्या जनावराचा आजार आपल्याला माहीत नसतो आणि अँथ्रॅक्सचे जंतू सुप्त बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतात. कच्चे हाड हाताळताना हातमोजे घालावेत आणि हाताला जखम असेल तर काम पुढे ढकलावे. ज्यांना हाड वापरायचेच नाही त्यांच्यासाठी शिसवीसारख्या घट्ट लाकडाच्या पट्ट्या आहेतच, आणि त्यांचा आवाज थोडा गोल असला तरी लय तीच शिकता येते.

निरभ्र :

साडेपाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. चौथ्या तुकड्याचे पाणी नऊ वेळा बदलले, आता तो पूर्ण अपारदर्शक दिसतो. सुकल्यावर टिचकी दिली तर बाकीच्या तिघांसारखा वाजला. त्यातले दोन निवडून १७ सेंटीमीटरवर कापले. एकाचा स्वर दुसऱ्यापेक्षा खाली होता, म्हणून कंपन यांनी सांगितल्याप्रमाणे खालच्या स्वराच्या पट्टीची टोके थोडी थोडी घासत गेलो आणि सुमारे ४ मिलिमीटर गेल्यावर दोन्ही स्वर जवळ आले. पूर्ण एक करावेत की किंचित फरक ठेवावा?

कंपन :

किंचित फरक राहू द्यावा. दोन्ही पट्ट्या अगदी एकस्वर झाल्या तर ठोका टोकदार येतो, पण थोडा फरक असला की तो भरलेला ऐकू येतो. शिवाय आणखी घासून एखादी पट्टी फारच आखूड झाली तर तिचा तोल बदलतो, आणि तो तोल परत आणता येत नाही.

निरभ्र :

मग इथेच थांबतो. टोकांना गोंद मुरवून झाला आहे, मेण उद्या लावणार. आज न राहवून तशीच वाजवून पाहिली. पहिले दोन ठोके नीट पडले, तिसरा अजून उशिरा येतो आहे.

नादवेडा :

तिसरा ठोका उशिरा येतो याचा अर्थ सैल पट्टी परतताना बोटाला घासते आहे. अनामिका किंचित सैल करा आणि हाताचा वेग वाढवू नका. वेग कमी केल्यावरच तो ठोका आपल्या जागी येतो. मेण लावण्याआधी बेचक्याजवळची आतली कड अंगठ्याने एकदा पुन्हा चाचपून पाहा.

निरभ्र :

चाचपली. डाव्या कडेला बोचत होते. ४०० आणि ६०० नंबरने पुन्हा गोल केली आहे, आणि तिसरा ठोका दहापैकी चार वेळा बरोबर पडू लागला आहे.